पंख्याच्या शोधात

उन्हाचे भय आम्हा अकोलेकरांना कोणी दाखवू नये. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा आमच्याकडे लग्ने लागतात, पंगती उठतात, आणि पंगतीत कोणी ‘आज जरा गरम होतंय, नाही?’ असे म्हणाले तर तो पुण्याकडचा पाहुणा, हे वाढणाऱ्यांना लगेच कळते.

म्हणून २०१९ च्या जूनअखेरीस धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मी जर्मनीत म्युन्स्टर गावी गेले, आणि विमानतळावर तिचे यजमान काळजीच्या सुरात म्हणाले, “ताई, यंदा इथं फार उन्हाळा आहे हं,” तेव्हा मला हसूच आले.

“किती आहे?”

“आज चौतीस होतं.”

“चौतीसला आम्ही शाल शोधतो,” मी म्हटले. हे वाक्य पुढे महिनाभर त्या घरात माझ्याच तोंडावर मारले जायचे होते.

माझ्या ट्रंकेत डिंकाचे लाडू होते, बाळंतशोपा होत्या, ओवा होता, वावडिंग होते, आणि आईच्या सूचना होत्या. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही. कानाला रुमाल हवाच. बाळाच्या डोक्याचे टोपडे काढायचे नाही. सव्वा महिना उंबरठा ओलांडायचा नाही. जुलैच्या १० तारखेला बाळ झाले. मुलगी. आईच्या सूचनांचा अंमल त्या दिवसापासून सुरू झाला.

अंमलाच्या आड एकच व्यक्ती येत होती, ती म्हणजे तिकडची सुईण. तिकडे विम्याच्या खर्चाने सुईण घरी येऊन बाळबाळंतिणीला पाहून जाते. ही बाई सायकलवरून येई, धाडधाड तीन जिने चढे, हात धुई, आणि पहिले काम कोणते करी, तर बाळाचे टोपडे काढून टेबलावर ठेवी. ती गेली की मी ते पुन्हा घाली. दहा-बारा दिवस आमचे हे युद्ध एक शब्दही न बोलता चालले होते. बोलणार कशी? तिला मराठी येत नव्हते आणि मला जर्मन.

बहिणीचे घर तिसऱ्या मजल्यावर, अगदी छपराखाली होते. भिंती वरच्या बाजूला तिरक्या होत जातात आणि खिडक्या छपरातच बसवलेल्या असतात, तसे. अशी घरे थंडीसाठी बांधलेली असतात. आत आलेली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, हे त्यांचे ब्रीद. हिवाळ्यात ते कितीही चांगले असो, जुलैत त्या ब्रीदापायी माणसाचा भरताचा वांगा होतो. आमच्या अकोल्याच्या घराला उंच छत आहे, वाळ्याच्या ताट्या आहेत, घरघरणारा कूलर आहे आणि रात्री गादी टाकायला गच्ची आहे. इथे गच्ची नव्हती, कूलरचे नाव नव्हते, आणि मी छताकडे पाहिले तर पंखा टांगायला साधा आकडासुद्धा नव्हता. दिवसा बाहेर चौतीस असो की अडतीस, मला त्याचे काही नव्हते. पण रात्री दोन वाजता घरात एकतीस अंश असतात आणि हवेचे पान हलत नाही, तेव्हा पंचेचाळीसची मिजास कामी येत नाही. मी निमूट झाले होते.

जुलैची २४ तारीख, बुधवार. त्या सकाळी बाळ दूध ओढीना. दोन घोट घेई आणि मान टाकून झोपी जाई. अंग कढत लागत होते. धाकटी आधी मला धीर देत होती, मग एकाएकी रडायलाच लागली. सुईण आली. तिने बाळाला तोलले, तपासले, लंगोट किती ओले झाले ते विचारले, भिंतीवरचा तापमापक पाहिला. मग ती बहिणीशी पुष्कळ वेळ बोलली. ताप नव्हता, पण खोली गार केली पाहिजे, दर तासाला पाजले पाहिजे, आणि संध्याकाळपर्यंत बाळ नीट पिऊ लागले नाही तर हॉस्पिटल गाठायचे. बोलता बोलता तिने एकदा माझ्याकडे पाहिले. नुसते पाहिले. मी मुकाट्याने पुढे झाले, बाळाचे टोपडे सोडले आणि ओढणीआड लपवले.

पंखा हवा होता. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून सात समुद्र ओलांडून आलेली मी, आता पंख्यासाठी जीव टाकीत होते! यजमानांनी आदल्या दिवशीच टपालाने पंखा मागवला होता. तो यायला आठ दिवस लागणार होते. हॉस्पिटलात जायची वेळ आली तर भाषा येणारे माणूस घरी हवे, म्हणजे ते जागचे हलू शकत नव्हते. सुटे माणूस एकच उरले. त्यांनी एका कागदावर रस्ते काढून दिले, दुकानांवर खुणा केल्या आणि भीत भीत विचारले, “ताई, सायकल येते ना?”

येते! असे म्हणून मी उठले खरी. पण सायकलवर बसून मला चोवीस-पंचवीस वर्षे झाली होती. मी मॅट्रिक झाले त्या वर्षी माझे शिक्षण थांबले आणि माझी सायकल धाकटीकडे गेली. ती तिच्यावरून शाळेत गेली, कॉलेजात गेली आणि तशीच पुढे जात जात जर्मनीला पोचली, असे मी गमतीने म्हणते. गमतीनेच म्हणते.

सायकली तळघरात ठेवलेल्या होत्या. जिन्याच्या पायऱ्या उतरून मी तिथे गेले तेव्हा अंगावर एकदम शहारा आला. मला वाटले, सायकलच्या धास्तीने आला असावा.

म्युन्स्टर हे सायकलींचे गाव. वस्ती तीन लाखांच्या आसपास, आणि सायकली त्याहूनही जास्त. पाच लाख सांगतात. सायकलीला जर्मन भाषेत सरळ शब्द आहे, पण या गावाने आपला वेगळा ठेवला आहे: ‘लेत्से’. जुन्या फेरीवाल्यांच्या सांकेतिक बोलीतून तो उरला आहे म्हणे. रस्त्याच्या कडेला सायकलींसाठी लाल विटांची वेगळी वाट असते, आणि तिच्यावरून कॉलेजची पोरे, टोपलीत भाजी टाकलेल्या आज्या, पाठीमागे लहान मुलांचा छकडा बांधलेल्या आया, सगळे असे सुसाट जातात की बावरायला होते. तशात उजवीकडून चालवायचे. मी वळणावर दोनदा डावीकडे गेले आणि दोनदा सगळ्यांनी माझ्यावर घंटा वाजवल्या.

पण खरी फजिती झाली ती ब्रेकने केली. आपल्याकडे सायकल धावती असताना पायडल उलटे फिरवायचे, म्हणजे कटकट आवाज करीत मजेत पुढे जाता येते. बहिणीच्या सायकलीला ब्रेक पायडलमध्येच होता. पाय उलटा फिरला की मागचे चाक जागच्या जागी आवळायचे. जुन्या सवयीने मी पाय उलटा फिरवला आणि चौकाच्या मधोमध, सगळ्या गावासमोर, एखाद्या पुतळ्यासारखी थांबले. पडले नाही इतकेच.

शिवाय अवतार! उन्हात निघायचे म्हणून मी आमच्याकडच्या पद्धतीने ओढणी डोक्याला आणि तोंडाला गुंडाळली होती. नुसते डोळे उघडे. आणि हे लोक म्हणजे वर्षभर उन्हाला आसुसलेले. ते हिरवळीवर जेमतेम कपड्यांत आडवे पडले होते. मला त्यांची लाज वाटत होती आणि त्यांना माझी कीव येत होती.

गावाच्या भोवती पूर्वी तट होता. तो पाडून त्या जागी लिंडनच्या झाडांची साडेचार किलोमीटरची गोल वाट केली आहे. तिथे मोटारींना मज्जाव आहे. त्या सावलीत शिरले तेव्हा मात्र, खोटे कशाला सांगू, मी पाच मिनिटे पंखा विसरले. पाय आपोआप फिरू लागले. पानांतून उन्हाचे कवडसे हँडलवर पडत होते. अकोल्याला शाळेच्या वाटेवर निंबाची अशीच एक रांग होती.

पहिल्या दुकानात मी विक्रेतीला “फॅन” म्हणून सांगितले. तिने तत्परतेने केस वाळवायचे यंत्र आणून पुढे ठेवले. त्याला तिकडे ‘फ्योन’ म्हणतात. त्या उन्हात गरम हवा फेकणारे ते यंत्र पाहून मला रडावे की हसावे कळेना. मग मी हाताने पाते फिरवून दाखवले. “आख, वेंटिलाटोर!” ती म्हणाली आणि खांदे उडवले: “आउसफेरकाउफ्ट.” म्हणजे संपले. हा शब्द मी त्या दिवशी सहा दुकानांत ऐकला. जर्मन भाषेतला माझा पहिला पाठ झालेला शब्द हाच.

गावाचा मुख्य रस्ता कमानींच्या ओळींचा आहे. जुनी, निमुळत्या माथ्याची घरे एकमेकांना खेटून उभी आहेत आणि त्यांच्याखाली दुकाने. ती घरे मी शेकडो वर्षांची समजत होते. युद्धात हे जुने गाव जवळजवळ सगळे जमीनदोस्त झाले होते आणि लोकांनी त्याच जागी, जुन्या रूपाला धरून, पुन्हा उभे केले, हे मला नंतर कळले. तिथल्या नगरभवनातल्या एका दालनाशी १६४८ साली तीस वर्षांचे युद्ध मिटवणाऱ्या तहाची आठवण जोडलेली आहे. शिवाजी महाराज तेव्हा अठरा वर्षांचे होते. मी त्या दारावरून तीनदा गेले आणि तिन्ही वेळा शेजारच्या दुकानात पंखा आहे का तेवढेच पाहिले.

एके ठिकाणी घाम पुसायला मान वर केली तर समोरच्या चर्चच्या मनोऱ्यावर तीन लोखंडी पिंजरे टांगलेले. हे काय असेल? चारशे ऐंशीहून अधिक वर्षे ते तिथे आहेत. एका बंडखोर धर्मपंथाने १५३४ मध्ये गाव ताब्यात घेतले. पुढच्या वर्षी ते पडले, आणि १५३६ च्या जानेवारीत पुढाऱ्यांचे हाल हाल करून त्यांची प्रेते या पिंजऱ्यांत घालून लोकांना दाखवली. त्याच मनोऱ्यावरून अजून रात्री नऊपासून बारापर्यंत, मंगळवार सोडून, दर अर्ध्या तासाला पहारेकरी कर्णा फुंकतो. २०१४ पासून हे काम एका बाईकडे आले होते. छपराखालच्या त्या तापल्या खोलीत बाळ घेऊन बसलेली असताना रात्री तो लांबचा भोंग्यासारखा आवाज मी ऐकला होता आणि आगगाडी समजले होते.

बुधवार म्हणून कॅथीड्रलसमोर बाजार भरला होता. चेरी, चीज, फुले. पंखा नव्हता. मी कॅथीड्रलच्या आत डोकावले आणि दारातच थबकले. दगडी भिंतींच्या आत इतका गारवा होता, की विहिरीत उतरल्यासारखे वाटले. आत एक भले मोठे खगोलीय घड्याळ आहे, १५४० च्या सुमाराचे. त्यातले पंचांग २०७१ पर्यंतचे आहे. ते करणाऱ्याने पाचशे वर्षांपुढच्या तारखांची सोय केली, आणि आम्हाला एका संध्याकाळची करता येत नव्हती! बाकावर बसले. हे बाळ इथे आणले तर? त्या देवाला चालले असते. आईला चालले नसते. आणि त्या उन्हातून चौदा दिवसांचे मूल आणायचे तरी कसे? मी उठले.

शेवटची खूण गावाबाहेर, कालव्यापलीकडच्या दुकानावर होती. कालव्यात पोरे पोहत होती. मी काठावर उतरून ओढणी बुडवली, तशीच निथळती डोक्याला गुंडाळली आणि पुढे गेले. त्या अवाढव्य दुकानात पंख्याचे फडताळ मला एका पोऱ्याने नेऊन दाखवले. फडताळावर किमतीची चिठ्ठी होती. चिठ्ठीच होती.

परत येताना किती वेळ लागला ते आठवत नाही. ओढणी केव्हाच वाळली होती. वाटेत पाण्याची बाटली घेतली, तर ते सोड्याचे निघाले. सायकल हा हा म्हणता जड झाली. मला सारखे दिसत होते ते बाळाचे मान टाकणे, आणि कानात दुसरेच काही वाजत होते: दहा दिवस टोपडे तूच घालत होतीस.

चार वाजता मी सायकल तळघरात उतरवली, भिंतीला टेकवली, आणि वर जायचे त्राण नव्हते म्हणून पायरीवरच बसले. पाठ भिंतीला लागली. पुन्हा तोच शहारा. या वेळी मला सायकलची धास्ती नव्हती.

काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण मी बालवर्गातल्या पोरांना दरसाल शिकवते.

मी तीन जिने कशी चढले ते मलाच ठाऊक नाही. “खाली चल,” मी धाकटीला म्हटले. “तळघरात. उशी घे.”

“ताई, तळघरात? सायकलींत?” ती म्हणाली. मग तिचाही चेहरा बदलला. “आणि सव्वा महिना?”

“उंबरठा ओलांडायचा नाही असं आई म्हणाली होती. तळघर उंबरठ्याच्या आतच आहे.”

आमच्या आजोळच्या वाड्यात बाळंतिणीची खोली होती. अंधारी, मातीच्या जाड भिंतींची, एका झरोक्याची. त्या खोलीची मी जन्मभर निंदा केली. माझ्या एका कादंबरीत तिच्यावर चांगली चार पाने खर्ची घातली आहेत. तीच खोली आता मी माझ्या हातांनी मांडीत होते. फळ्यांच्या जाळीआड बहिणीचा कोपरा होता; तिथल्या पेट्या सारल्या, सतरंजी अंथरली, चादर भिजवून जाळीवर टाकली. दिवा चार मिनिटांनी आपोआप विझे. मग यजमानांनी उठून पुन्हा बटण दाबायचे. तापमापक तेवीसवर आला. भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर पाण्याची एक रेघ होती. २८ जुलै २०१४ ला या गावात सात तासांत २९२ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि तळघरे भरली, त्याची ती खूण. आमच्याकडे अख्ख्या जुलैतही पुष्कळदा एवढा पडत नाही.

सहाच्या सुमारास बाळ कुरकुरले, तोंड फिरवू लागले, आणि मग प्यायले. चुटुचुटु, घामाघूम होऊन, डोळे मिटून प्यायले. आम्ही तिघे काही बोललो नाही. दिवा विझला तरी कोणी उठेना.

त्याच अंधारात पायऱ्यांवर पावले वाजली आणि दिवा लागला. तळमजल्यावरच्या आजी बटाटे न्यायला आल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, काठीसारख्या सरळ. त्यांनी जाळीतून आत पाहिले. ओली चादर, सतरंजीवर बसलेली बाई, तिच्या मांडीवर तान्हे मूल. त्यांचा हात भिंतीवर गेला आणि तिथेच राहिला. मला वाटले, जागा वापरली म्हणून रागावल्या. धाकटी घाईघाईने काहीतरी सांगू लागली. आजींनी मान हलवली आणि अगदी हळू आवाजात बोलायला लागल्या. मधून मधून थांबून धाकटी मला मराठीत सांगत होती.

१० ऑक्टोबर १९४३, रविवारची दुपार. आजी पाच वर्षांच्या होत्या. वरची घरे नंतरची, पण हे तळघर तेव्हाचेच. विमाने आली तेव्हा सगळी आळी इथे खाली बसली होती. त्यांची आई तिथे, त्या सायकलींच्या जागी. मांडीवर महिन्याचा भाऊ. वरून धूळ गळत होती, म्हणून आईने एक रुमाल ओला करून त्याच्या तोंडावर धरला होता. बाहेर आल्यावर रस्ता ओळखू येईना.

मला विचारायचे धाडस होईना, धाकटीने विचारले. भाऊ?

“तो ना,” आजी म्हणाल्या, “हाम्बुर्गला असतो. गुडघे दुखतात म्हणून दर रविवारी फोन करून माझं डोकं खातो.”

मग त्या वर गेल्या आणि बटाट्यांऐवजी एक वेताची खुर्ची घेऊन खाली आल्या. ती बाळंतिणीसाठी असेल असे आम्हाला वाटले. पण त्या स्वतःच तिच्यावर बसल्या, दिव्याच्या बटणापाशी. साडेनऊपर्यंत बसून होत्या. दिवा विझू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी, २५ तारखेला, जर्मनीत कुठे कुठे ४१.२ अंशांपर्यंत पारा चढला. उत्तरेकडच्या लिंगेन गावी तर ४२.६ ची नोंद झाली होती; पण त्या केंद्राभोवती झाडी वाढून वारा अडत होता म्हणून हवामानखात्याने पुढे २०२० मध्ये ती रद्द केली. वारा अडला की काय होते हे मला त्यांनी विचारायला हवे होते! तो सबंध दिवस आम्ही खालीच होतो. सुईण खाली आली, फळ्यांच्या जाळीआडचा आमचा संसार पाहिला, बाळाला तोलले. मग टोपडे कुठे आहे असे खुणेने विचारले. तळघरात जरा गारठा होता ना! तिनेच ते बाळाला घातले.

धाकटी त्या दोन दिवसांत मला गाव सांगत होती. पिंजरे, घड्याळ, तह, पडून पुन्हा उभी राहिलेली घरे. जे जे मी सायकलवरून न पाहता पाहिले होते ते ते मला तिथे, जमिनीखाली बसून, दिसत गेले. मध्येच ती म्हणाली, “ताई, तुझी सायकल मी विकली नाही हं. आईच्या माळ्यावर आहे.” मी बाळाचे लंगोट घड्या करीत होते, ते करीत राहिले.

शनिवारी ढग आले. या गावाबद्दल तिकडे गमतीने म्हणतात, की इथे एक तर पाऊस पडत असतो नाही तर देवळांच्या घंटा वाजत असतात, आणि दोन्ही एकदम झाले तर रविवार समजावा. ते म्हणणे मला त्या आठवड्यात पहिल्यांदा पटले.

टपालाने मागवलेला पंखा बरोबर आठव्या दिवशी आला. बाहेर रिमझिम होती आणि घरात लंगोट वाळत नव्हते. आम्ही तो लंगोटांकडे तोंड करून लावला. मग बाळ झोपलेले पाहून मी तळघरात गेले, सायकल काढली, आणि कोणतेही काम नसताना लिंडनच्या त्या वाटेने पावसात एक सबंध फेरी मारून आले.